सासूबाईंच्या सवतीची तपासणी

धक्क्यावर मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. मी लांबून येताना दिसले की बोटीबोटींवरून "अगबाई!" असा उद्गार निघतो आणि पाठोपाठ झाकणं, फळ्या, कपाटांची दारं यांचा धडाधड आवाज सुरू होतो. त्या उद्गाराला कोणीतरी एक काना जास्त दिला आणि मी झाले आगबाई. हुद्द्याने मी या मरीनाची, म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवायच्या या बंदराची, अग्निसुरक्षा निरीक्षक आहे. बोटींवरची आग विझवायची लाल नळकांडी, धूर किंवा गॅस पसरला की वाजणारे भोंगे, तेलाचे पाइप, विजेच्या केबली हे सगळं डोळ्यांखालून घालायचं, ठीक असेल तर काचेवर हिरवा स्टिकर लावायचा आणि नसेल तर शिव्या खायच्या, एवढंच माझं काम.

पाण्यावर आग लागत नाही, अशी बोटवाल्यांची ठाम समजूत असते. "अहो बाई, चारी बाजूंनी पाणीच पाणी आहे, कसली आग घेऊन बसलात?" हे मी रोज ऐकते. इथल्या एका दातांच्या डॉक्टरांनी आपलं नळकांडं इंजिनाच्या खोलीत अगदी आतल्या कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलं होतं. का, तर चोरीला जाऊ नये. म्हणजे इंजिनाने पेट घेतला की आधी त्या आगीतून पलीकडे जायचं, कुलूप उघडायचं आणि मग आग विझवायची. पलीकडच्या बोटीवरचं नवं जोडपं आग दाबायची चादर पिकनिकला अंथरायला नेतं. आणि पोटाला पोचा पडलेलं एक नळकांडं तर माझ्या पुढे पुढे चालत असतं. मी एका बोटीवरून उतरले की ते मागच्या बाजूने पुढच्या बोटीवर हजर. हल्ली मी त्याला ओळख देते. "काय, दमलात का आज?" असं विचारते, आणि बोटीचा मालक उगाच आभाळाकडे बघत राहतो.

हे सगळे मला चालतात. यांना दम द्यायचा, दंडाचं नाव काढायचं, की पंधरवड्यात सुतासारखे सरळ होतात. माझ्या जिवाला घोर लावला होता तो शेवटच्या खांबाला बांधलेल्या निळ्या बोटीने, कारण ती माझ्या सासऱ्यांची होती.

मी आमच्या साहेबांना आधीच सांगितलं होतं, नात्यातली बोट मी तपासणं बरं दिसत नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. साहेब म्हणाले, "दुसरं आहे कोण? आणि सुनेने सासऱ्यांची झडती घ्यायची, याच्याहून कडक तपासणी जगात कुठे व्हायची?" वर स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन बराच वेळ हसत बसले.

आता खरी गोम सांगते. जे लोक बोटीवरच राहतात, त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे. लागोपाठ तीनदा नापास झालं की बोट धक्क्यावर राहते, पण माणसाला तिच्यावर मुक्काम करता येत नाही. सासरे दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले, तर ते राहणार कुठे? आमच्याकडे. आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत मी, नवरा आणि शिवणयंत्र, दुसरीत लेक, स्वयंपाकघर आणि सायकल. त्यात सासऱ्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न नव्हता, जागा होते कशीही. प्रश्न सासऱ्यांच्या शिट्टीचा होता.

सासऱ्यांची सगळी हयात मालवाहू जहाजांवर आगीची व्यवस्था बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी बोट घेतली आणि तिचे इतके लाड केले की सासूबाई तिला सरळ "माझी सवत" म्हणायच्या. "सवतीला रंग देऊन झाला का? मग जेवायला या," असं त्या फोनवर सांगायच्या. सासूबाई गेल्या आणि सासरे थोडे दिवस आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी, मी गॅसवर दूध ठेवलेलं असताना, कानाशी शिट्टी वाजली आणि पाठोपाठ आरोळी आली, "आग! घर सोडा! घर सोडा!" आम्ही जिवाच्या आकांताने जिना उतरलो. खाली सासरे घड्याळ हातात धरून उभे. "फार वेळ लावलात," ते म्हणाले. वर दूध उतू गेलं होतं.

मग रोजचंच झालं ते. कधी मी न्हाणीघरात असताना, कधी पाहुणे बसलेले असताना. शेजारचे लोकही टॉवेल गुंडाळून जिन्यावर यायला लागले. लेकीला हा खेळ फार आवडला, ती दप्तर न घेता बाहेर पडायला एका पायावर तयार असायची. माझ्या मात्र नाकी नऊ आले. दिवसभर धक्क्यावर मी लोकांना आग आग म्हणून पिडायचं आणि घरी येऊन स्वतः पिडून घ्यायचं, हे म्हणजे अतीच होतं. एके दिवशी सासऱ्यांनीच बॅग भरली आणि जाहीर केलं, "मला जमिनीवर झोप येत नाही. जमीन हलतच नाही." ते बोटीवर राहायला गेले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. त्यांनीही ते वाक्य धक्क्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवलं, की लोक त्यांना बघताच आधी तेच म्हणायचे.

असा हा माणूस तपासणीत नापास होतो, यावर कोणाचा विश्वास बसेल? पहिल्या खेपेला त्यांच्या नळकांड्याचा काटा हिरव्यातून पार लाल भागात घसरलेला. सासरे हात मागे बांधून उभे होते. "अरेरे, दाब गेला वाटतं," म्हणाले. दुसऱ्या खेपेला किनाऱ्यावरून वीज घेणाऱ्या केबलीचा प्लग काळाठिक्कर पडलेला आणि गॅसच्या भोंग्यात बॅटरीच नाही. "वय झालं, सूनबाई. लक्ष राहत नाही हल्ली," असं म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला. बसमध्ये कोणी उठून जागा दिली, तर त्याच्यावर खेकसणारा हा माणूस! मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माझ्या कानात शिट्टी वाजत होती, दुसरं काही ऐकू येतच नव्हतं.

म्हणून तिसऱ्या तपासणीला मी जय्यत तयारीने निघाले. पिशवीत नवा प्लग, भोंग्याच्या बॅटऱ्या, आग दाबायची चादर आणि आमच्या स्वयंपाकघरातलं भरलेलं नळकांडं घातलं. निरीक्षकाने घरून सामान नेऊन बोट पास करायची, हे कुठल्या नियमात बसतं ते मला विचारू नका.

नवरा दारात आडवा आला. "अगं, पिशवीत काय आहे एवढं?"

"तुझ्या वडिलांची इभ्रत."

"नियमाप्रमाणे जे असेल ते कर बाई."

"नियमाप्रमाणे केलं तर उद्यापासून रोज शिट्टी."

तो बाजूला होत म्हणाला, "मग जरा समजुतीने कर."

सासरे बोटीच्या पायरीवर वाटच बघत होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट. "या साहेब," म्हणाले. धक्क्यावर माझ्या अंगात सरकारी जाकीट असलं की मी त्यांची साहेब असते. त्यांनी किटलीतला चहा पुढे केला आणि आम्ही कामाला लागलो.

आधी नळकांडं बघितलं. काटा हिरव्यात. माझा जीव भांड्यात पडला.

"काट्यावर जाऊ नका," सासरे म्हणाले. "आतली पावडर तळाशी बसून दगड झाली असेल. उलटं करून ऐका."

मी ते उलटं केलं, कान लावला. आत पावडर सर्रकन घसरली. "छान सरकतेय."

"पुन्हा ऐका."

"बाबा, उत्तम आहे."

"हं," ते म्हणाले आणि जरासे हिरमुसले. मला वाटलं, पावडर त्यांनी स्वतः हलवून ठेवली असेल आणि मी कौतुक केलं नाही म्हणून वाईट वाटलं.

भोंग्यात पुन्हा बॅटरी नव्हती. मी पिशवीतली काढून बसवली. भोंगा ठणठणीत वाजला. पलीकडच्या बोटीवरून कोणीतरी "अगबाई!" म्हणून ओरडलं.

"तुम्ही असं स्वतःचं सामान घालू शकता का?" सासऱ्यांनी विचारलं.

"घालू शकते."

"आमच्या वेळी नव्हतं असं."

मग आम्ही इंजिनाचं झाकण उघडलं. तेलाच्या पाइपावर तो किती वर्षं वापरायचा याची तारीख छापलेली असते. ती मी बघायच्या आत सासऱ्यांनी टॉर्चचा उजेड बरोबर त्या अक्षरांवर पाडला. पाइप मुदत संपलेला होता. पिशवीत पाइप नव्हता. मी गडबडले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले, "मला काही दिसत नाहीये. चष्मा घरी राहिला."

"माझा घ्या," म्हणून त्यांनी आपला चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवलासुद्धा. त्या नंबरातून तारीख भोपळ्याएवढी दिसायला लागली.

"ठीक आहे, आठवड्याभरात बदलून घ्या," मी म्हटलं. "तेवढी सवलत आहे."

"सवलत पहिल्या खेपेलाच असते. तिसऱ्या खेपेला नाही. नियम तुम्हाला मी शिकवायचे का, साहेब?"

आता मात्र माझं डोकं तापलं. या माणसाला मी वाचवायला धडपडतेय आणि हा मलाच नियम ऐकवतोय! मी तावातावाने तेलाचा कॉक उघडला, निदान गळती नाही एवढं तरी दाखवावं म्हणून. पाइपात एक थेंब आला नाही. टाकीवर टकटक केलं, तर ती रिकाम्या डब्यासारखी वाजली.

"तेल कुठे गेलं?"

"संपलं असेल."

सासऱ्यांच्या टाकीत तेल नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. पण तेव्हाही मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण माझं लक्ष केबलीकडे गेलं. प्लग पुन्हा काळाठिक्कर. मागच्या वेळी मी तो बघून नुसती मान हलवली होती. या वेळी बदलायचाच म्हणून हातात घेतला, आणि पकड नीट यावी म्हणून फडक्याने पुसला. काळं सगळं फडक्यावर आलं. खाली प्लग नवाकोरा, पांढराशुभ्र. जळका वास म्हणून नाकाशी नेला तर वास आला बूटपॉलिशचा.

मी सासऱ्यांच्या बुटांकडे बघितलं. सासरे समुद्राकडे बघायला लागले.

मी तिथेच इंजिनाच्या झाकणावर बसले आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडायला लागली. पहिल्या खेपेला नळकांड्याचा दाब गेलेला, पण बिछान्याखाली दुसरं भरलेलं नळकांडं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा म्हटलं, म्हातारा माणूस, लावायचं विसरला. आज भोंगा बंद, पण गॅसची टाकी? मी उठून डेकवर जाऊन बघितलं. टाकी काढून, तोंडाला बूच लावून, बाहेर मोकळ्या हवेत ठेवलेली. पाइप जुना, तर तेल आधीच काढलेलं. नापास व्हायची चोख व्यवस्था होती, पण आग लागायची सोय कुठेच नव्हती. लबाडी करतानाही या माणसाला खरा धोका ठेवायला हात झाला नव्हता.

"गॅस काढून ठेवलात, मग स्वयंपाक कशावर करता?" मी विचारलं.

"किटली आहे ना विजेची."

"किटलीत स्वयंपाक?"

"अंडी उकडतात. पाव असतो." मग घाईघाईने म्हणाले, "पथ्याला बरं."

मला आधी राग आला. माझ्या नाकाखाली, मला बनवलं! मग हसू आलं, आणि ते हसू तोंडापर्यंत यायच्या आत विरलं. किती दिवस हा माणूस किटलीत अंडी उकडून खातोय, आणि ती कशासाठी, तर एक नापासाचा शिक्का मिळावा म्हणून. आणि मी पिशव्या भरभरून तो शिक्का टाळायला धावतेय.

तरी माझ्यातली खोड काही जाईना. म्हटलं, बघू तरी. मी नवा प्लग पिशवीत परत टाकला, उठले आणि हिरवा स्टिकर काढला. "अभिनंदन, बाबा. पास."

एरवी 'पाऊस थांबला' हे सांगायलाही ज्यांना चार वाक्यं लागतात, ते सासरे म्हणाले, "बरं."

"खुशाल राहा आता इथे."

"बरं." त्यांनी दोन्ही कप उचलले आणि विसळायला लागले. विसळून झाले तरी विसळतच राहिले. पाठमोरे ते एकदम लहान दिसत होते. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, ती मला तेव्हा दिसली.

माझ्याने राहवेना. "घरी यायचंय तर सरळ म्हणा ना बाबा! एवढी नाटकं कशाला?"

"कोण म्हणतं मला यायचंय?"

मी काळं फडकं त्यांच्यापुढे धरलं. "हे म्हणतंय."

त्यांनी कप खाली ठेवले. "मला जमिनीवर झोप येत नाही, हे सगळ्या धक्क्याला माहीत आहे."

"आणि इथे येते?"

बोट जराशी हलली. "यायची," ते म्हणाले. "ती घरी होती तेव्हा यायची. घरी कोणीतरी आपल्या नावाने खडे फोडतंय, जेवायला या म्हणून ओरडतंय, असं असलं की बाहेर कुठेही झोप लागते. आता फोन वाजत नाही. नुसतंच हलत राहतं."

"मग आम्ही काय मेलो होतो? एक शब्द बोलला असतात."

"बोललो असतो, तर तू नाही म्हणाली नसतीस. तुझा नवराही नाही म्हणाला नसता. मग दोन खोल्यांत रोज माझी अडचण, आणि तुझ्या कपाळावर आठी. ती आठी माझ्यावर असती. म्हटलं, नियमाने आलो तर आठी नियमावर जाईल. तुला घरात बसून नियमाला चार शिव्या देता येतील, मलाही देता येतील. दोघांची मिळून सोय."

अडचण तर होणारच होती. शिवणयंत्र कुठे जाणार, सायकल कुठे टांगायची, सकाळी दूध कोण बघणार, सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. आणि तरी या माणसाला इथे ठेवून मी एकटी धक्का उतरून जाईन, हे काही मला जमणार नव्हतं. मी स्टिकर परत खिशात घातला.

"नापास," मी म्हटलं.

सासरे ताठ झाले. "कशाबद्दल?"

"पाइपाची तारीख संपलीय."

"टाकीत तेल नाही. कोरड्या पाइपावर नापास करता येत नाही, तो वापरात नाही असं धरतात. वरच्या ऑफिसात कोणी विचारलं, तर तोंडघशी पडाल."

"प्लग जळलाय."

"पॉलिश आहे. तुम्हीच पुसलंत."

"भोंगा?"

"मघाशी सगळ्या धक्क्याने ऐकला. तुमचीच बॅटरी."

"नळकांडं?"

"पावडर उत्तम सरकते असं तुम्ही स्वतः म्हणालात, साहेब. दोनदा ऐकून." बोलता बोलता ते रंगात आले होते, आणि आपण आपलाच घात करतोय हे त्यांच्या एकदम लक्षात आलं. धक्क्यावरची सगळ्यात निर्दोष बोट आमच्या पायाखाली डुलत होती आणि तिला नापास करायला आम्हा दोघांना एक कारण सापडत नव्हतं.

"पण कारणाशिवाय नापास करता येत नाही," मी म्हटलं. "कारणाचा रकाना कोरा सोडला तर आमचे साहेब अहवाल परत पाठवतील. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्यांनी हात मागे बांधले. केबिनमध्ये एकदा नजर फिरवली. एक बिछाना, एक खुर्ची, विसळलेले दोन कप. मग घसा साफ करून, जहाजावर अहवाल देतात त्या आवाजात म्हणाले, "लिहा. मनुष्यबळ अपुरं."

मी लिहायला घेतलं. डोळे भरून आले होते, वर नाकावर अजून त्यांचाच चष्मा, त्यामुळे अक्षर काही धड येईना. लिहून झाल्यावर सासऱ्यांनी चष्मा माझ्या नाकावरून काढून स्वतःच्या नाकावर चढवला, वाकून वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मनुष्यातला ष पोटफोड्या असतो, सूनबाई."

"घरी चला," मी म्हटलं. "तिथे आणखी चुका सापडतील."